कौशल्याचे यंत्र आणि नशिबाचा गल्ला

एखादा धंदा बसला की त्याचे खापर नव्या तंत्रज्ञानाच्या माथी फोडण्याची रीत आता सर्वत्र रूढ झाली आहे. हातमाग यंत्रमागाने मारला, नाटक सिनेमाने मारले, सिनेमा दूरचित्रवाणीने मारला, असे एकदा सांगून टाकले की अधिक विचार करण्याचे श्रम वाचतात. अमेरिकेतील पिनबॉलच्या धंद्याविषयीही असेच सांगितले जाते. व्हिडिओ गेम आले, घरोघरी संगणक आले आणि पिनबॉल संपला! ही हकीकत सोपी आहे. परंतु ती अर्धीच खरी आहे. तिचा उरलेला अर्धा भाग अर्थशास्त्राचा आहे, आणि खेळ व जुगार यांच्या सीमारेषेवर आज आपल्याकडे जो वाद चालू आहे त्याच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

खिळे ठोकलेल्या उतरत्या फळीवर गोळी सोडण्याचा बगाटेल हा खेळ आपल्याकडील अनेक घरांतून मुले खेळत आली आहेत. पिनबॉल हे त्याचेच थोरले भावंड. काचेखालची उतरती फळी, पोलादी चेंडू, तो उडवणारी स्प्रिंग आणि पैसे घेणारी फट, एवढाच त्याचा मूळ पसारा. शिकागो येथील डेव्हिड गॉटलिब यांनी १९३१ साली ‘बॅफल बॉल’ हे यंत्र बाजारात आणले. तो महामंदीचा काळ होता. खिशात चार नाणी असणाऱ्याला परवडेल अशी ही करमणूक झपाट्याने पसरली आणि बॅली, विल्यम्स यांसारख्या कंपन्याही शिकागोतच उभ्या राहिल्या.

मात्र या यंत्रांत एक मोठे वैगुण्य होते. चेंडू एकदा सोडला की यंत्राला धक्के देण्यापलीकडे खेळणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नसे. काही यंत्रे जिंकणाऱ्याला रोख पैसेही देत. त्यामुळे न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९४२ मध्ये पिनबॉलला जुगार ठरवून बंदी घातली आणि जप्त केलेली यंत्रे हातोड्यांनी फोडण्यात आली, तेव्हा त्यांची भीती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. पण १९४७ साली गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात फ्लिपर आले. बटण दाबताच हलणाऱ्या या छोट्या दांड्यांनी खाली घरंगळणारा चेंडू पुन्हा वर मारता येऊ लागला. खेळाची जातच पालटली. नजर, अंदाज आणि सराव यांना मोल आले. कायदा मात्र जागचा हलला नाही. न्यूयॉर्कची बंदी उठण्यास १९७६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी रॉजर शार्प या तरुण लेखकाने नगरपरिषदेच्या समितीसमोर यंत्रावर खेळून दाखवले आणि चेंडू कोठे जाईल ते आधी सांगून तो तेथे पाठवला. जी गोष्ट खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक होती, ती शासनाला उमगण्यास जवळजवळ तीस वर्षे लागली.

एकच मायक्रोप्रोसेसर, दोन हेतू

याच सुमारास यंत्राच्या अंतरंगातही क्रांती घडत होती. तोवर गुणांची मोजदाद रिले, चक्रे आणि तारांची जुडगी करीत. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते काम मायक्रोप्रोसेसरकडे गेले. यंत्राला स्मृती आली, आवाज आला. पाठोपाठ ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) आणि ‘पॅकमॅन’ (१९८०) या जपानी व्हिडिओ गेमांनी आर्केड व्यापली. दुकानात यंत्र ठेवून त्याच्या गल्ल्यात दुकानदाराशी वाटणी करणाऱ्या धंदेवाईकाला पिनबॉल गैरसोयीचे वाटणे स्वाभाविक होते. चेंडू, रबर, दिवे, स्प्रिंगा यांची सततची निगा त्याला पडद्यावरच्या खेळात घ्यावी लागत नसे.

तरीही व्हिडिओ गेमने पिनबॉल मारला हे म्हणणे टिकत नाही. आधुनिक काळातील सर्वाधिक खपाचे पिनबॉल यंत्र ‘द ॲडम्स फॅमिली’ हे १९९२ सालचे आहे. त्याची २०,०००हून अधिक यंत्रे विकली गेली. ‘पॅकमॅन’ येऊन तेव्हा बारा वर्षे लोटली होती. १९९९ मध्ये विल्यम्स कंपनीने पिनबॉलच्या फळीवर पडद्याचे चित्र परावर्तित करणारी ‘पिनबॉल २०००’ ही नवी रचना आणली. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आपला पिनबॉल विभाग बंद केला. कंपनी बुडाली नव्हती. तिचे भांडवल आणि लक्ष स्लॉट मशीनकडे, म्हणजे कॅसिनोतील जुगाराच्या यंत्राकडे गेले होते.

असे का झाले, हे समजण्यासाठी दोन्ही यंत्रांचा हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहावा. पिनबॉलमध्ये ग्राहक शिकतो. तो जसजसा तरबेज होतो, तसतसा त्याच नाण्यात अधिक वेळ खेळतो, वर फुकटचा डावही मिळवतो. म्हणजे ग्राहकाच्या प्रावीण्याची किंमत विक्रेत्याला मोजावी लागते. शिवाय भाव नाण्यानेच बांधलेला. महागाई वाढली म्हणून पंचवीस सेंटांचे सत्तावीस करता येत नाहीत. यावर उपाय म्हणून फुकट डावासाठी लागणारे गुण आपोआप वरखाली करणारी योजना पुढे यंत्रातच बसवण्यात आली. स्लॉट मशीनला ही चिंता नाही. तेथे कोणी तरबेज होत नाही. इंगे टेल्नेस यांना १९८४ मध्ये मिळालेल्या पेटंटातील युक्ती पाहण्यासारखी आहे. निकाल यादृच्छिक संख्येने आधी ठरतो आणि चाक नंतर त्या जागी थांबते. चाकावर डोळ्यांना दिसणाऱ्या जागांवरून जिंकण्याच्या शक्यतेचा अंदाज बांधता येत नाही. मायक्रोप्रोसेसर दोन्हीकडे आहे. एकीकडे तो हाताचे कसब मोजतो, दुसरीकडे हाताला कामच ठेवत नाही. भांडवल कोठे वळेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

भांडवलाला ही वाट शासनानेच खुली करून दिली. न्यूयॉर्कने १९७६ मध्ये पिनबॉल मुक्त केला आणि त्याच वर्षी शेजारच्या न्यू जर्सीतील मतदारांनी ॲटलांटिक सिटीत कॅसिनोंना संमती दिली. पिनबॉल बनवणाऱ्या बॅलीने १९७९ मध्ये तेथे स्वतःचा कॅसिनो थाटला. ज्या खेळाला जुगार समजून तीन दशके छळले, त्याचे कारागीर अखेरीस खऱ्याखुऱ्या जुगाराच्या मांडवाखाली गेले, आणि या वेळी हातात परवाना होता. पिनबॉल समूळ नष्ट झाला असे नव्हे. स्टर्न कंपनीने तो जिवंत ठेवला, आणि २०११ मध्ये स्थापन झालेल्या जर्सी जॅकसारखे नवे उत्पादकही पुढे आले. पण आज हजारो डॉलर किमतीचे हे यंत्र घेणाऱ्यांत स्वतःच्या घरी ते ठेवणाऱ्या हौशी मंडळींचा वाटा मोठा आहे. चार नाण्यांत मिळणारी सार्वजनिक करमणूक बव्हंशी सधनांच्या दिवाणखान्यात गेली.

आपल्यापुढील प्रश्न

योगायोग असा की १९७६ हे साल आपल्याही विधिग्रंथांत नोंदलेले आहे. महाराष्ट्राने कॅसिनोंचे नियंत्रण व कर यांसंबंधीचा अधिनियम त्याच साली केला. तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्याचा सार्वजनिक जुगाराविरुद्धचा कायदाही १९७६चाच. पण १९९२च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना आणि १९९६च्या दुरुस्तीने जहाजांवरील जुगाराला वाट मिळाली. शेजारच्या दोन राज्यांनी एकाच वस्तूकडे अशा भिन्न नजरेने पाहिले.

आपल्या न्यायालयांनी कौशल्य आणि नशीब हा भेद १९५७ पासून मानला आहे. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. मात्र पैसे लावून चाललेल्या खेळातून जागेचा मालक नफा कमावत असेल तर गुन्हा होऊ शकतो, असेही बजावले. या इशाऱ्याकडे पुढे दुर्लक्ष झाले. कौशल्याची पाटी लावून मोबाइलवर पैशांचे डाव मांडणाऱ्या कंपन्या वाढल्या आणि अखेर २०२५च्या केंद्रीय कायद्याने ऑनलाइन पैशांच्या खेळांना, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट मनाई केली.

सरसकट मनाईची सोय असते, तसा धोकाही असतो. १९४२च्या हातोड्याने वाईट यंत्राबरोबर चांगल्याची शक्यताही दीर्घकाळ दडपली. म्हणून कोणत्याही खेळाविषयी शासनाने दोन प्रश्न विचारावेत. खेळणारा सरावाने खरोखर सुधारतो काय? आणि मालकाचे उत्पन्न खेळाच्या ठरलेल्या शुल्कातून येते, की खेळणाऱ्याने हरलेल्या पैशांतून? या कसोटीवर पिनबॉल उतरतो, स्लॉट मशीन उतरत नाही, आणि कौशल्याचे नाव सांगून हरणाऱ्यांच्या पैशांवर पोसलेला मोबाइलवरील डावही उतरत नाही. परंतु ही कसोटी लावायची तर ती मांडवीतील जहाजांनाही लावावी लागेल. तेथून सरकारी तिजोरीत महसूल येतो, हे तेथील डाव निरुपद्रवी असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. हरणाऱ्याच्या पैशांत शासनाचाही वाटा असला, की दुसरा प्रश्न विचारण्याचे धैर्य शासनात उरत नाही. आणि मग तो प्रश्न विचारण्याचे काम नागरिकांनाच करावे लागते.