बटण आधीच कुणी दाबले?

भिलईला सेक्टर १० मध्ये आमच्या एक दूरच्या मावशी राहतात. यजमान स्टील प्लांटमधून निवृत्त, मुले बाहेरगावी. परवा त्यांचा फोन आला, तो तक्रारीचाच. बँकेने जुने एटीएम कार्ड बदलून नवे दिले. त्यावरून दुर्ग-नागपूर तिकीट काढायला बसल्या, तर तीनदा पैसे भरले जाईनात. बँकेत विचारले तेव्हा कळले, की नव्या कार्डाचा ऑनलाइन वापर मुळात बंदच असतो. तो आपणच चालू करायचा. "बंदच ठेवायचे होते, तर दिले कशाला?" मावशी म्हणाल्या.

प्रश्न रास्त आहे. पण हा बँकेचा आडमुठेपणा नव्हे. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला, की नवे कार्ड देताना ते देशातील एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रावरच चालावे. ऑनलाइन खरेदी, परदेशातील वापर, यंत्राला नुसते टेकवून पैसे देणे, हे सारे ग्राहक सांगेल तेव्हाच सुरू व्हावे.

संगणकाच्या भाषेत याला 'डिफॉल्ट' म्हणतात, म्हणजे आपण काहीच केले नाही तर जे होते ते. आणि आपण बहुतेकजण काहीच करत नाही! सेटिंगमध्ये जाऊन बटणे तपासण्याएवढी सवड कुणाला आहे? त्यामुळे कार्यक्रम लिहिणारा जे ठरवतो, तेच घरोघरी चालते.

ते किती महागात पडू शकते, हे २०१७ मध्ये दिसले. आधारशी सर्वात शेवटी जोडलेले खाते तेच गॅसच्या अनुदानाचे खाते, असा तेव्हा नियम होता. हेतू चांगला होता. बँक बदलणाऱ्याला पुन्हा अर्ज करावा लागू नये. पण मोबाइलचे सिम आधारने पडताळून घेताना एअरटेल पेमेंट्स बँकेत अनेकांची खाती नीट संमती न घेता उघडली गेली आणि अनुदान तिकडे वळले. गृहिणी आपल्या नेहमीच्या पासबुकात पैसे शोधत राहिल्या. डिसेंबरमध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीची आधार-पडताळणी थांबवली. सुमारे १९० कोटी रुपये परत करण्याचे कंपनीने मान्य केले.

म्हणून सगळेच बंद ठेवावे काय? तसेही नाही. त्याच वर्षी मे महिन्यात 'वॉनाक्राय' या व्हायरसने जगभरचे संगणक ओलीस धरले. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, ती ज्यांनी बसवली नव्हती तेच अडकले. अशी दुरुस्ती आपोआप झालेलीच बरी. माझ्या मते पाहायचे ते एवढेच, की बदल चुकला तर भुर्दंड कुणाला आणि तो भरून निघतो का. खिशातून पैसा किंवा घरातली माहिती बाहेर जाणार असेल, तर आधी विचारावे. मग कितीही गैरसोय होवो.

मावशींना हे सांगितले. थोड्या कुरकुरल्या. मग शेजारच्या मुलाला बोलावून त्यांनी ऑनलाइनचे बटण चालू करून घेतले, परदेशाचे मात्र बंदच राहू दिले आणि मर्यादा ठेवली दोन हजारांची. तिकीट मिळाले. नंतर ते बटण पुन्हा बंद केले की नाही, हे विचारायचे माझ्याकडून राहूनच गेले.