स्कॅन नॉर्मल, मग आजार खोटा?

‘‘एमआरआय नॉर्मल आलाय, म्हणजे हा नाटकं करतोय!’’ मागच्या वर्षी माझ्या एका मैत्रिणीच्या घरी हे वाक्य रोज ऐकू यायचं. तिचा भाऊ वीस वर्षांचा. कॉलेज सुटलेलं, खोलीत एकटाच बसून कुणाला न ऐकू येणाऱ्या आवाजांना उत्तरं द्यायचा. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. पण काकांना तो रिपोर्टमध्ये दिसायला हवा होता. या हट्टापायी उपचार चार महिने लांबले.

खरं तर काकांची अपेक्षा अगदीच हवेतली नव्हती. 1976 मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलमध्ये ईव्ह जॉनस्टोन आणि सहकाऱ्यांनी या आजाराच्या 17 जुन्या पेशंट्सचे सीटी स्कॅन केले. त्यांच्या मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या मोठ्या दिसल्या. 2016 मध्ये ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाने 2,028 पेशंट्स आणि 2,540 निरोगी लोकांचे एमआरआय ताडून पाहिले. पेशंट्समध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणशक्तीशी जोडलेला भाग, सरासरीने लहान निघाला.

गोम आहे ती या ‘सरासरी’त. मुलग्यांची सरासरी उंची मुलींपेक्षा जास्त असते, हे आपल्याला माहीत आहे. पण ‘साडेपाच फूट’ एवढंच सांगितलं, तर तो मुलगा की मुलगी हे छातीठोकपणे सांगता येईल? मेंदूतला हा फरक तर उंचीच्या फरकापेक्षाही बराच कमी आहे. कित्येक पेशंट्सचा हिप्पोकॅम्पस चारचौघांसारखाच असतो आणि कित्येक निरोगी लोकांचा लहान असतो. त्यामुळे हजारो स्कॅन एकत्र ठेवले की फरक कळतो, एकट्याच्या स्कॅनवरून निदान होत नाही.

मग डॉक्टर एमआरआय सांगतात कशाला? गाठ, संसर्ग असं दुसरं काही कारण नाही ना, हे बघायला. स्किझोफ्रेनियाचं निदान होतं ते पेशंटशी आणि घरच्यांशी बोलून, लक्षणं काय आणि किती दिवसांपासून आहेत ते तपासून.

हे आपल्या वयाच्या सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवं, कारण हा आजार बहुतेकदा विशीच्या आगेमागेच डोकं वर काढतो आणि उपचार जितके लांबतात, तितकं सावरणं अवघड होतं. मित्र अचानक तुटक वागतोय, भलतेच संशय घेतोय, आवाज येतात म्हणतोय? त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. कुठे जायचं कळत नसेल, तर सरकारच्या ‘टेलि-मानस’चा 14416 हा नंबर आहे.

मैत्रिणीचा भाऊ आता गोळ्या घेतो आणि परीक्षेचा अभ्यासही करतो. एमआरआयची ती फाइल अजून कपाटात आहे, पण काका आता ती काढून दाखवत नाहीत.