मैदान कोणाचे?

बर्लिनचा टेम्पलहोफ विमानतळ २००८ साली बंद झाला. २०१० साली ते ३०० हेक्टरांहून मोठे मैदान लोकांना खुले झाले. धावपट्टीवर मुलांच्या सायकली धावू लागल्या. शेजारच्या वस्तीतली तुर्की कुटुंबे सुटीला शेगड्या घेऊन येऊ लागली. सरकारला मैदानाच्या कडेने घरे बांधायची होती. घरांची टंचाई खरीच होती, तरी रहिवाशांनी सह्या गोळा करून सार्वमत घ्यायला लावले. २५ मे २०१४ रोजी मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांनी मैदान राखले. ज्यांना जर्मन नागरिकत्व नव्हते, त्यांना मतही नव्हते. मैदान मात्र त्यांचेही राहिले.

वाचकहो, आपल्या मोहल्ल्यातला पडीक भूखंड कशासाठी राखीव आहे, हे विकास आराखड्यात पाहिलेत का? हरकतींची मुदत संपल्यावर बोलून फारसा उपयोग नसतो.