भोपळ्याचा दिवा आणि भोपळ्याचा गर

पाश्चात्य देशांत दरवर्षीं ३१ ऑक्टोबरच्या रात्रीं ‘हॅलोविन’ नांवाचा उत्सव होतो. त्या रात्रीं मुलें भुताखेतांचीं सोंगें घेऊन दारोदार खाऊ मागत हिंडतात, आणि घराच्या पायरीवर तांबडा भोपळा पोखरून, त्याला डोळे, नाक व दांत कोरून, आंत दिवा लावून ठेवतात. हें लोण आतां मुंबई-पुण्याकडील कांहीं शाळा, दुकानें व वसाहती यांपर्यंत पोंचलें आहे. आपल्या महाड-पोलादपूर तालुक्यांत घरटीं कोणी ना कोणी मुंबईस नोकरीला असल्यामुळें दिवाळीच्या सुटींत तें आपल्या ओटीवरही येऊन बसेल, यांत नवल नाहीं.

यावर दोन तऱ्हेचीं मतें ऐकूं येतात. कित्येक वडील मंडळी म्हणतात कीं, हे परक्यांचे थेर आहेत, त्यांना उंबऱ्याच्या आंत घेऊं नये. कित्येक तरुण म्हणतात कीं, शहरांत कोरण्याच्या भोपळ्याला गिऱ्हाईक आहे, तेव्हां परदेशी बीं आणून तोच लावावा. मला यांपैकीं एकही मत पटत नाहीं. भोपळा कोरण्यास हरकत नाहीं. परंतु आधीं गर चुलीवर, मग बीं मडक्यांत, आणि शेवटीं उरलेल्या कवचांत दिवा, हा क्रम ज्याला पाळतां येईल त्यानेंच तो कोरावा. आणि पिकवावयाचा तो आपला खाण्याचा भोपळाच पिकवावा, एवढेंच मला येथें सांगावयाचें आहे.

प्रथम परकेपणाचा प्रश्न घेऊं. या चालीचें मूळ अमेरिकेंत नसून आयर्लंड व स्कॉटलंड या देशांत आहे. ख्रिस्ती लोक १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा व २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांचा दिवस पाळतात. त्याच सुमारास त्या देशांत सुगी संपून हिंवाळा लागण्याचा एक फार जुना सण असे, व त्या रात्रीं मृतांचे आत्मे इहलोकीं संचार करतात अशी समजूत होती. तेथें भोपळा पिकत नसे. ते लोक सलगमाचा कंद पोखरून त्यांत दिवा ठेवीत. १९ व्या शतकांत, विशेषतः १८४५ सालीं सुरू झालेल्या बटाट्याच्या दुष्काळामुळें, आयरिश लोक लाखोंनीं अमेरिकेस गेले. तेथें त्यांना सलगमापेक्षां मोठें व पोखरण्यास सोपें असें फळ मिळालें, तें भोपळ्याचें. नव्या देशांत जें पिकत होतें तेंच त्यांनीं आपल्या जुन्या चालीस जोडून घेतलें.

आतां आपल्याकडे पाहा. तांबडा भोपळा हा मुळांत अमेरिका खंडांतला. मेक्सिको देशांतील ओआहाका प्रांतांतल्या एका गुहेंत त्याच्या कुळांतील एका जातीच्या बिया सांपडल्या, त्या सुमारें १०,००० वर्षांच्या जुन्या ठरल्या आहेत. मिरची, बटाटा, पेरू यांच्याप्रमाणें भोपळाही समुद्र ओलांडून आपल्याकडे आलेला पाहुणा आहे. आणि असें असूनही पितृपक्षांत आपल्या अनेक घरीं तांबड्या भोपळ्याच्या भाजीवांचून पान पुरें होत नाहीं. मृतांच्या स्मरणाला भोपळा त्यांनींही जोडला व आपणही जोडला. त्यांनीं तो पायरीवर ठेवला, आपण तो पानांत वाढला, इतकाच काय तो फरक. आणि मला विचाराल तर आपला प्रकार अधिक शहाणपणाचा आहे.

वेलीच्या फळाला भय घालविण्याच्या कामीं लावणें हेंही आपल्याला नवें नाहीं. घराला दृष्ट लागूं नये म्हणून दारावर कोहळा टांगतात. पशूच्या ऐवजीं कोहळ्याचा बळी देण्याची चाल जुनी आहे. कित्येक घरीं अख्ख्या कोहळ्याला किंवा भोपळ्याला पहिली सुरी बाई लावीत नाहीं, पुरुषाकडून किंवा मुलाकडून एक चीर देववून मग ती चिरावयास बसते. नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढें कारीट पायाखालीं चिरडून नरकासुर मारला असें आपण मानतों. २०२४ सालीं नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबर रोजींच आली होती. म्हणजे त्या एकाच तारखेस पहाटे कोंकणांत कारीट चिरडलें गेलें आणि रात्रीं अमेरिकेंत भोपळ्यांत दिवे लागले. तेव्हां केवळ परकी म्हणून या चालीवर रागावण्याचें कारण दिसत नाहीं.

रागावण्याचें खरें कारण निराळें आहे, तें नासाडीचें. अमेरिकेंत कोरण्याकरितां मुद्दाम निराळ्या जाती लावतात. मॅसॅच्युसेट्स राज्यांतील हाउडन नांवाच्या शेतकऱ्यानें निवडून काढलेली त्याच नांवाची जात त्यांत प्रसिद्ध आहे. तिचा देंठ दणकट, आकार डौलदार व पोकळी मोठी. परंतु गर पाणचट व बेचव. डब्यांत भरून विकला जाणारा गर दुसऱ्याच जातींचा असतो. तो मुख्यतः इलिनॉय राज्यांत पिकतो. अशा रीतीनें खाण्याचा भोपळा एक आणि पाहण्याचा भोपळा दुसरा, अशी फारकत झाली. पाहण्याचा भोपळा बहुधा कोणी खात नाहीं. त्याला बुरशी आली कीं तो कचऱ्यांत जातो, आणि ढिगाऱ्याखालीं हवेवांचून कुजून मिथेन वायु सोडतो. ज्यांच्याकडे अफाट सपाट जमीन आहे त्यांना हा खेळ परवडत असेल. आपल्या डोंगरउतारावर रानडुक्कर, साळिंदर व वानर यांच्या तोंडून जें फळ वांचतें, तें कचऱ्याच्या डब्यासाठीं वांचवावयाचें काय?

मीं आयुष्यभर महसूल खात्यांत कारकुनी केली. पीकपाहणीचे तक्ते लिहितांना भात, नाचणी व वरी यांच्या ओळींमागून ओळी भरल्या; भोपळ्याची ओळ क्वचितच लिहावी लागली. भोपळा पिकत नव्हता म्हणून नव्हे. तो परसांत, उकिरड्याच्या कडेला, गोठ्याच्या छपरावर व भाताच्या बांधावर वाढतो. गांवठाणांतल्या जागेला सातबारा नसतो, आणि बांधावरच्या चार वेलांची नोंद करा असें सांगावयास कोणी येत नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ सुरू होऊन शेतकरी स्वतः मोबाइलवर पीक नोंदवूं लागला, तरी परसांतला वेल हिशेबाबाहेरच राहिला. कागदावर ज्याचें नांव नाहीं, त्याची काळजी कागद वाहणाऱ्यांनीं कां करावी?

परंतु घर चालविणाऱ्या बाईला त्याची किंमत ठाऊक असते. उन्हाळी भोपळा देंठासकट काढून माळ्यावर पेंढ्यांत ठेवला तर पावसाळ्यांतही हाताशीं राहतो. २००५ च्या जुलैंत आणि पुन्हां २०२१ च्या जुलैंत महाड शहर पुराच्या पाण्याखालीं गेलें. बाजारपेठेचा भरंवसा किती धरावा हें त्या दोन वर्षीं आपण डोळ्यांनीं पाहिलें आहे. माळ्यावरचा भोपळा ही अशा दिवसांची शिल्लक होय.

हे वेल ज्या त्या घरच्या बियांवर चालत आले आहेत. एका घरचा भोपळा चपटा व खोल फांकांचा, दुसऱ्या घरचा लांबट मानेचा, तिसऱ्याचा लहान पण साखरेसारखा गोड. सासू थकली, सून मुंबईस गेली, परस ओस पडलें, कीं त्या घरचें बीं संपतें. आणि बीं संपल्याची नोंद करावयाचा रकाना तर कोणत्याच गांवनमुन्यांत नाहीं. परदेशी कोरण्याच्या भोपळ्याचें पाकीट आणून लावण्यास माझा विरोध आहे तो एवढ्याचसाठीं. ती फॅशन उद्यां फिरली तर बेचव भोपळा शेतकऱ्याच्या गळ्यांत पडेल, आणि तोंवर घरचें बींही गेलेलें असेल. उलट खाण्याच्या भोपळ्याला कोरणारा गिऱ्हाईक मिळाला तर वरकड लाभ. न मिळाला तर तो भाजीबाजारांत जाईल, नाहीं तर माळ्यावर चढेल. तो कोणत्याही वाटेनें फुकट जात नाहीं.

आपला भोपळा गरानें जाड व पोकळीनें लहान असतो. कोरणाऱ्यास हा दोष वाटेल. स्वयंपाकघरास तो गुण आहे. ज्यांना कोरावयाचा असेल त्यांनीं बुडाशीं सपाट बसणारा, पूर्ण पिकलेला, दोन-तीन बोटें देंठ राखलेला भोपळा घ्यावा. देंठाभोंवतीं झांकण कापतांना सुरी तिरपी धरावी, म्हणजे झांकण आंत पडत नाहीं. आधीं बिया काढाव्या, मग लोखंडी पळीनें गर खरवडावा. नक्षीच्या बाजूस भिंत बोटभर जाडीची राहीपर्यंत खरवडीत जावें. निघालेल्या गरांत गूळ व कणीक घालून घारगे करावे. राहिलेल्याची भाजी किंवा भरीत होतें. टपोऱ्या बिया धुवून सावलींत वाळवून बियाण्यास ठेवाव्या, बाकीच्या भाजून खाव्या. आंतला तंतूंचा भाग गुरांना घालावा.

नक्षीच्या बाबतींत परदेशचा कित्ता गिरवण्याची गरज नाहीं. आपल्या लेकीबाळींना ठिपक्यांची रांगोळी येते. तेच ठिपके कोळशानें सालीवर काढून गिरमिटानें भोंकें पाडलीं, तर आंतल्या पणतीचा उजेड भिंतीवर रांगोळीसारखा पडतो. आरपार न कापतां नुसती साल तासली, तर पातळ गरांतून केशरी उजेड पाझरतो. कमळ, चंद्रकोर किंवा रायगडचा बुरूज अशा तऱ्हेनें फार सुरेख उठतो. भुताचेंच तोंड हवें असेल, तर वेताळ, खवीस, मुंजा व गिऱ्हा यांची कोंकणांत कधीं टंचाई पडलेली नाहीं. बाहेरून आणण्याचें प्रयोजन काय? झांकणाला धूर जाण्यापुरतें भोंक ठेवावें. आपल्याकडील दमट उष्म्यांत हा दिवा दोन-तीन दिवसांहून अधिक टिकत नाहीं. मग त्याचे तुकडे करून खताच्या खड्ड्यांत टाकावे.

ज्याला वर्षानुवर्षें टिकणारा दिवा हवा असेल त्यानें तांबडा भोपळा सोडून वाळलेल्या कडू भोपळ्याकडे वळावें. दुध्याच्या या जातभाईचें कवच वाळल्यावर लांकडासारखें होतें. सावित्री-गांधारीच्या डोहांत पूर्वीं मुलें पाठीला असाच भोपळा बांधून पोहावयास शिकत. गोसाव्याचा तुंबा त्याचाच, वारली लोकांचा तारपा त्याचाच. मिरजेस १९ व्या शतकांत शस्त्रें घडविणाऱ्या शिकलगार कारागिरांनीं, त्यांत फरीदसाहेबांचें नांव मुख्य, याच फळापासून तंबोरे व सतारी करण्याची विद्या कमावली. त्यासाठीं लागणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढें भागांतले शेतकरी पिकवितात. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. छत्तीसगडांत बस्तरचे कारागीर तापलेल्या लोखंडानें तुंब्यावर नक्षी काढून त्याचे दिवे करतात. म्हणजे भोपळा कोरून दिवा लावण्याची कला या देशांतच आहे, व तीही अन्नाचा कण न दवडतां. आपल्याकडे सुतार आहेत, वेल चढवावयास कुंपणें आहेत; मग ही विद्या आपण कां शिकूं नये?

आतां संघाच्या सभासदांस दोन-तीन सूचना करतों. पहिली बियाण्याची. शेजारच्या दोन जातींचे भोपळे मधमाशा सरमिसळ करतात. म्हणून घरची जात शुद्ध राखावयाची तर उमलण्याच्या आदल्या सायंकाळीं नर व मादी कळ्यांचीं तोंडें दोऱ्यानें बांधावीं, पहाटे नरफूल मादीफुलास लावून मादीफूल पुन्हां बांधावें, व त्या फळास खूण करावी. प्रत्येक गांवांतून असें एकेक बीं संघाकडे आलें, तर दोन तालुक्यांच्या भोपळ्यांची जी नोंद सरकारदप्तरीं नाहीं ती निदान संघाच्या दप्तरीं होईल.

दुसरी लागणीची. दिवाळीला पिकलेलें फळ हवें तर बीं मे महिन्याच्या अखेरीस किंवा मृगाच्या आरंभीं घालावें. आपल्या मुसळधार पावसांत पाणी सांचून वेल कुजतो, म्हणून आळीं उंचवट्यावर करावीं, वेल मांडवावर चढवावा, आणि जमिनीवर टेकलेल्या फळाखालीं पेंढा किंवा चपटा दगड द्यावा. झडीच्या दिवसांत मधमाशा येत नाहींत. त्या वेळीं वरीलप्रमाणें हातानें परागसिंचन केल्यास फळ धरतें. फळमाशीकरितां गंधाचे सापळे लावावे. काढलेलें फळ आठ-दहा दिवस सावलींत, वाऱ्यावर ठेवून मगच रचावें.

तिसरी विक्रीची. दिवाळीच्या सुटींत मुंबईचा मनुष्य पोलादपुरावरून आंबेनळी घाटानें महाबळेश्वरास चढतो, किंवा महाडावरून पाचाडास येऊन रायगड पाहतो. त्या वाटेवर आपल्या भगिनींनीं अख्खा भोपळा, शेजारीं कोरलेला नमुना आणि त्याच भोपळ्याच्या गरम घारग्यांची टोपली मांडावी. घेणाऱ्यास दिवा व घारगा एका फळांतून निघतात हें दिसलें, म्हणजे निराळा उपदेश करावा लागणार नाहीं. गर टाकून नुसतें पोखरलेलें कवच विकण्याचा धंदा मात्र संघाच्या नांवानें कोणी करूं नये.

मुलांना दिवा हवा आहे, तो त्यांना द्यावा. परंतु त्या निमित्तानें त्यांच्या हातीं पळी द्यावी, बिया मोजावयास लावाव्या, आणि पुढील मृगांत त्यांतल्या चार बिया त्यांच्याच हातानें परसांत घालवाव्या. ज्या मुलानें दिव्याचा भोपळा स्वतः पिकविला, तो त्याचा गर कधींही फेकून देणार नाहीं. या गोष्टीचा शेतकरीबंधूंनीं व विशेषतः भगिनींनीं विचार करावा, इतकीच विनंति.

— एक निवृत्त महसुली कारकून, महाड