विश्लेषण : वजनकाटा ‘नॉर्मल’ सांगतो, मग पोटाचा घेर कशाला मोजायचा?

उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६६ किलो. बॉडी मास इंडेक्स (बीएमआय) येतो साधारण २४.२. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण निकषानुसार हे वजन योग्य, कारण तिथे मर्यादा २५ आहे. भारतीयांसाठी ती २३ आहे. म्हणजे तीच व्यक्ती इथे ‘जास्त वजनाची’ ठरते. असे का?

भारतीयांसाठी निकष वेगळा का?

याचे बोलके उदाहरण पुण्याचेच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! दोघांच्या आडनावांवरून याला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ म्हणतात. भारतीयांमध्ये स्नायू तुलनेने कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाभोवती. काट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. त्यामुळे ‘मी तर बारीक आहे’ म्हणणाऱ्यांची साखर आणि रक्तदाब तपासायचे राहून जातात. खरा धोका इथे आहे.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’सह काही संस्थांतील तज्ज्ञांनी भारतीयांसाठी लठ्ठपणाची सुधारित व्याख्या मांडली. तिच्यात बीएमआयच्या जोडीला पोटाचा घेर आणि त्यामुळे जडलेले आजारही विचारात घेतले जातात.

तेल १० टक्के कमी केल्याने काय होईल?

पंतप्रधानांनी २०२५ मध्ये तसे आवाहन केले होते. हिशेब करून पाहू. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे २७० कॅलरी. त्यातले १० टक्के म्हणजे जेमतेम २७ कॅलरी. सुरुवात म्हणून ठीक, पण एवढ्याने पोट उतरणार नाही. मोठा वाटा ताटातल्या भात-पोळीचा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारसूचनांनुसार तृणधान्यांतून एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपर्यंतच ऊर्जा मिळावी. अनेक घरांत ती ५० ते ७० टक्के असते. तिसऱ्या पोळीऐवजी वाटीभर उसळ, हा बदल म्हणूनच अधिक कामाचा. भात सोडून भाकरी धरली, तरी धान्य ते धान्यच.

चालणे पुरेसे आहे का?

आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. दुसरा भाग बहुतेक जण विसरतात. स्नायू कमी असलेल्यांना तर तोच जास्त हवा. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्म्या प्रौढांची हालचाल अपुरी होती. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, महिलांत ५७ टक्के. डबा, नोकरी आणि पुन्हा स्वयंपाक यांत अडकलेल्या बाईला ‘आळस सोडा’ सांगून हा फरक भरून निघणार नाही. तिला वेळ हवा, आणि अंधार पडल्यावरही चालता येईल असा रस्ता.

घेर कसा मोजायचा?

पॅन्टचा नंबर उपयोगाचा नाही, कारण पॅन्ट पोटाखाली बसते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून टेप लावावी. पुरुषांत ९० आणि महिलांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त भरल्यास डॉक्टरांकडून साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे, काटा काहीही सांगत असला तरी.