उंबराचे पाय
तिन्हीसांजेला नदीकाठच्या उंबराचा फोटो काढला तेव्हा डोक्यात बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता होती. तिशी गाठण्याआधीच, १९१८ साली गेलेल्या या कवीच्या आठच ओळी. पण त्यांतलं पाण्यात पाय सोडून बसलेलं ते झाड मला लहानपणापासून भिववत आलंय. कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर ३० सेकंद उघडं. वाहतं पाणी धुक्यासारखं पसरलं, उघडी मुळं हाडांसारखी उजळली. प्रिंट शाळेतल्या मराठीच्या बाईंना नेऊन दाखवली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. “भीती वाटते रे,” म्हणाल्या, “पण लगेच वाटते. कवितेत आधी गाव येतं, हिरवी शेतं येतात, मग पांढुरकी वाट. तिच्यावरून चालत आपण डोहाशी पोचतो. तुझ्या फोटोत वाट कुठाय?” ते आतपर्यंत लागलं. चित्र भयाण व्हावं म्हणून कडेची पायवाट मीच कापून टाकली होती. समीक्षकांपैकी कुणी कवितेतल्या या झाडात उदासी पाहिली, कुणी निवांतपणा. बाईंना दोन्ही हवं होतं. घरी येऊन मूळ फाइल उघडली. डाव्या कोपऱ्यात वाट होती, अंधुक, उंबराकडेच वळलेली.