नाव चिनूकांचे, मान्यता कोणाला?
भारतीय हवाई दलात मार्च २०१९ मध्ये दाखल झालेल्या ‘चिनूक’ हेलिकॉप्टरचे नाव मूळचे कोलंबिया नदीच्या मुखाशी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या अमेरिकी आदिवासींचे. रॉकी पर्वतावरून उतरणारा उष्ण वारा, प्रशांत महासागरातील सर्वांत मोठा सॅमन, एकेकाळची व्यापारी बोली यांनाही तेच नाव आहे. मात्र चिनूक इंडियन नेशनला अमेरिकेचे केंद्र सरकार जमात मानत नाही. १८५१ चा करार सिनेटने मंजूरच केला नाही. क्लिंटन प्रशासनाने जाता जाता, जानेवारी २००१ मध्ये दिलेली मान्यता शेजारच्या क्विनॉल्ट जमातीच्या आक्षेपानंतर बुश प्रशासनाने २००२ मध्ये काढून घेतली. आक्षेप शेजाऱ्यांचाच होता, हे अधिक बोचरे. परिणामी त्यांना राखीव भूमी नाही, आणि आपल्याच नावाच्या माशावर करारसिद्ध हक्कही नाही.